बाप्तिस्म्याचं पिंप

मी एक पिंप बोलतोय. ओकच्या लाकडाचं, वरून उघडं, माणसाच्या छातीइतकं उंच आणि आत चार माणसं सैल उभी राहतील एवढं रुंद. अंगावर चार लोखंडी पट्ट्या आहेत. मी हळू बोलतो. लाकडाला घाई जमत नाही, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

मला बार्थेलमीनं बांधलं. कोंबरूस गावात पिंपं बांधायचं काम त्याच्या घराण्यातच होतं. तेव्हा तो वीस वर्षांचा होता, आणि बापाची मदत न घेता एकट्यानं बांधलेलं त्याचं पहिलं पिंप म्हणजे मी. एकेक फळी त्यानं विस्तवावर शेकून वाकवली, पट्ट्या मोगरीनं ठोकून बसवल्या. काम झाल्यावर आत डोकं घालून त्यानं हळूच विचारलं, "ऐकू येतंय का रे?" मला येत होतं. उत्तर देता येत नव्हतं, एवढंच.

आन्सेल्म रुकेरोल नावाच्या द्राक्षवाल्यानं मला घेतलं. दर सप्टेंबरात माझ्यात द्राक्षं पडायची आणि सगळा गाव आळीपाळीनं ती तुडवायला उतरायचा. त्यामुळे माणसं मी पायांवरून ओळखतो. तोंडावरून मला अजूनही नीट ओळखता येत नाहीत. मेयर कोण, हे त्याच्या टाचेच्या भेगेवरून कळायचं. शाळामास्तर तुडवतानासुद्धा आकडे मोजल्यासारखा एक-दोन, एक-दोन करायचा. एका वर्षी सिदोनी नावाची एकोणीस वर्षांची मुलगी उतरली. तिच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. ती दोनदा घसरली. तिसऱ्यांदा घसरू नये म्हणून ओनोरे नावाच्या पोरानं तिचा हात धरला तो सोडलाच नाही. पुढच्या वसंतात त्यांचं लग्न झालं. माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही, पण मी घसरडा होतो हे खरं.

सगळ्या गावात एकाच माणसाचे पाय मला माहीत नव्हते. बार्थेलमीचे. ज्यानं पिंप बांधलं त्यानं त्यात पाय घालायचा नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. का, ते कुणाला ठाऊक नाही. तो तुडवणीच्या दिवशी यायचा, बाहेरून माझ्या अंगावर बोटं वाजवायचा आणि निघून जायचा.

युद्ध संपलं आणि गावाच्या सहकारी संस्थेनं सिमेंटच्या टाक्या बांधल्या. माझं काम संपलं. आन्सेल्मनं मला गोठ्यात ढकललं. बारा वर्षं माझ्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. कोंबड्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण रिकामं लाकूड सुकतं, सुकलं की आकसतं. माझ्या फळ्याफळ्यांमधून उजेड आत यायला लागला. पिंपाच्या आत उजेड येणं म्हणजे काय, हे तुमच्यात दात पडलेल्या माणसाला विचारा.

आता पाद्री जोडप्याबद्दल सांगतो. यातलं बरंचसं मला नंतर कळलं, कारण पुढे आठ दिवस गाव माझ्याभोवती बसून दुसरं काही बोलतच नव्हता.

वेंडेल आणि लॉर्ना स्ट्राऊड. दोघं अमेरिकेतल्या नेब्रास्का नावाच्या सपाट मुलखातून आले होते. तो इतका उंच, की प्रत्येक दारात वाकायचा आणि तरीही डोकं आपटून घ्यायचा. ती ठेंगणी, गोल, सदा काहीतरी शिवत बसलेली. त्यांनी चौकातलं सायकलींचं बंद पडलेलं दुकान भाड्यानं घेतलं, आत चोवीस खुर्च्या मांडल्या आणि दारावर पाटी लावली. सहा वर्षं ते गावाला येशूबद्दल सांगत होते. गावानं सहा वर्षं त्यांना रोज नमस्कार केला, आणि आत कुणी गेलं नाही.

याची कारणं दोन. दोन्ही गावाला माहीत होती. त्या दोघांना मात्र माहीत नव्हती.

पहिलं म्हणजे त्यांची उपासना रविवारी साडेअकराला सुरू व्हायची आणि एकला संपायची. आमच्याकडे बाराला माणूस जेवायला बसतो. बाराला आग लागली तर लोक दोनला विझवायला येतील. पण हे त्यांना कुणी सांगितलं नाही. लोकांना वाटलं, त्यांच्या पंथात उपाशी राहत असतील, आपण कशाला बोला.

दुसरं म्हणजे ते वाईनच्या विरोधात छापील कागद वाटायचे. अख्खा गाव द्राक्षावर जगणारा. पण माणसं भली, म्हणून त्यांना वाईट वाटू नये म्हणून लोक कागद घ्यायचे, नीट घडी घालायचे आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारायचे. त्या सहा वर्षांत समोरच्या कॅफेतलं एकही टेबल हललं नाही.

आत जाणारं माणूस एकच होतं. सिदोनी. आता ती म्हातारी झाली होती, ओनोरेला जाऊन सात वर्षं झाली होती. त्याच्या पहिल्या वर्षदिवशी लॉर्ना तिच्याकडे हिरवी जेली घेऊन गेली. जेलीत किसलेलं गाजर. फ्रेंचचे तेव्हा तिला दहाच शब्द येत होते, म्हणून ती काही न बोलता तासभर नुसती बसून राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा गेली, जेली घेऊन. त्याच्या पुढच्या वर्षीही. तो दिवस गावात दुसऱ्या कुणाच्याच लक्षात नव्हता. सिदोनीनं जेली कधी खाल्ली नाही. पण रविवारी साडेदहालाच जेवून घेऊन ती त्या चोवीस खुर्च्यांपैकी एकीवर जाऊन बसायला लागली.

मग नेब्रास्काहून पत्र आलं. ज्या चर्चनं या दोघांना पाठवलं होतं, तिथले दोन वडीलधारे ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी येणार होते. सहा वर्षांत एकही बाप्तिस्मा झाला नसेल तर काम बंद करून परत फिरायचं, असं ठरलं होतं.

लॉर्नानं हे सिदोनीला सांगितलं. नेब्रास्कात त्यांचं घर राहिलं नव्हतं, माणसं राहिली नव्हती. एक मुलगी होती, ती इथे आल्यावर तापानं गेली. आमच्याच दफनभूमीत आहे. म्हणजे परत जायचं तर तिला इथे ठेवून जायचं. सिदोनी म्हणाली, "मग बुडवा मला. मी तयारच होते. तुम्ही विचारलं नाहीत."

त्यांच्या पंथात पाणी शिंपडून चालत नाही, माणूस पुरता पाण्याखाली जावा लागतो. आणि ऑगस्टात आमच्या नदीत फक्त दगड असतात. धुण्याच्या हौदावरच्या बायकांनी साफ नाही म्हटलं. तेव्हा वेंडेल आन्सेल्मकडे आला. मी गोठ्यातून ऐकत होतो.

"तुमचं जुनं पिंप हवंय," तो म्हणाला.

"कशाला?"

"एका बाईला बुडवायचंय."

आन्सेल्मनं जरा विचार केला. "कुठल्या?"

खुलासा झाल्यावर आन्सेल्म हो म्हणाला. परत देताना धुऊन द्या, एवढीच अट. पिंप आधी भिजवून फुगवावं लागतं, हे त्यानं सांगितलं नाही. जेवताना तोंड उघडा, असं कोण कुणाला सांगतं?

शनिवारी सकाळी, पाहुणे यायच्या आठ दिवस आधी, वेंडेलनं मला दुकानात खुर्च्यांपुढे उभं केलं आणि चौकातल्या नळावरून बादल्या आणून भरायला घेतलं. रंगीत तालीम करायची म्हणून. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पन्नासाव्या बादलीपर्यंत माझ्या अंगातून सत्तर धारा लागल्या होत्या. पाणी खुर्च्यांखालून गेलं, दारातून गेलं, चौक ओलांडून कॅफेत शिरलं आणि बसलेल्या माणसांच्या चपलांना लागलं.

माणसं उठली आणि पाण्याच्या मागोमाग उगमाकडे चालत आली. अशा रीतीनं सहा वर्षांत पहिल्यांदा अकरा पुरुष त्या चर्चमध्ये शिरले. सगळ्यात पुढे बार्थेलमी. बायको गेल्यापासून त्यानं कुठल्याही चर्चचा उंबरा ओलांडला नव्हता. तो आत आला, माझ्याकडे पाहिलं आणि ओल्या फरशीवर दोन्ही गुडघे टेकले.

वेंडेलचे डोळे भरून आले. त्यानं म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दिवा इकडे धरा," बार्थेलमी म्हणाला. तो माझी खालची पट्टी बघत होता.

मग त्यानं सावकाश उठून माझ्या अंगावरून हात फिरवला. अठ्ठेचाळीस वर्षांनी. म्हणाला, "माझं पहिलं. काय केलंत याचं?" आन्सेल्म कोंबड्यांबद्दल काही बोलला नाही. पुन्हा पाणी धरायला किती दिवस, असं लॉर्नानं विचारलं.

"पंधरा."

"आमच्याकडे आठ आहेत."

"मग तुमचा देव काय करतो बघू," बार्थेलमी म्हणाला, आणि मोगरी आणायला घरी गेला.

ते आठ दिवस मी विसरणार नाही. सुकलेलं पिंप एकदा भिजवायला घेतलं की तासभरही कोरडं सोडायचं नसतं. द्राक्षं पिकायची वाट बघण्यापलीकडे गावाला काम नव्हतं. पाळ्या लागल्या. माणसं बादल्या घेऊन यायची, ओतायची, गळताना बघत बसायची आणि भांडायची. कुणी म्हणे पाणी कोमट हवं, कुणी म्हणे राख घाला. बार्थेलमी मला ओली गोणपाटं गुंडाळायचा आणि दर तासाला पट्ट्या ठोकायचा. दुसऱ्या दिवशी मोठ्या चर्चमधले फादर फुलक्रां अंगरख्याच्या बाह्या वर सारून आले. म्हणाले, मी फक्त पिंप बघायला आलोय. त्यांनी चौदा बादल्या ओतल्या आणि जाताना कुणाला न दिसेल असा माझ्यावर हात फिरवला.

चोवीस खुर्च्या भरून गेल्यावर वेंडेलनं बायबल उघडलं. लोकांची हरकत नव्हती. हात चालू होते आणि कान रिकामेच होते. वाळवंटात लोक तहानेनं रडतात ती गोष्ट त्यानं वाचली, तेव्हा मेयरनं पिंपं कुठल्या लाकडाची होती असं विचारलं. वेंडेल ती गोष्ट रंगवून सांगत असतानाच मोठ्या चर्चच्या घड्याळात बाराचे ठोके पडले. सगळे उठले आणि गेले. त्यातले चौघं दोनला परत आले आणि म्हणाले, "हां, खडकातून पाणी. पुढे?"

बार्थेलमीनं त्याला बाजूला घेतलं. "पाद्रीसाहेब, रविवारी दहाला सुरू करा. पावणेबाराला लोक घरी पाहिजेत."

"का?"

"जेवायला."

वेंडेल खुर्चीवर बसला. खूप वेळ बसून राहिला. मग त्यानं बायकोला हाक मारली आणि तिला सांगितलं. तीही बसली.

चौथ्या दिवशी धारा तीसवर आल्या, सहाव्या दिवशी नऊवर. पण भलतीच पंचाईत उभी राहिली. मी जसा ओला झालो तशी माझ्या लाकडात मुरलेली वाईन बाहेर यायला लागली. पाणी गुलाबी झालं आणि साऱ्या चर्चमध्ये वास सुटला. या जोडप्याचा पंथ वाईनच्या थेंबालाही न शिवणारा. लॉर्नानं पाणी उपसून टाकायला लावलं. पुन्हा भरलं, पुन्हा गुलाबी. सात वेळा झालं. ती रडकुंडीला आली. पाहुण्यांना काय सांगायचं? बाईला आम्ही वाईनमध्ये बुडवली?

त्यात ती आत आली तर तिघं जण ओंजळीनं ते पाणी पीत होते. चव घेत होते म्हणा. आन्सेल्म म्हणत होता, बेचाळीस सालचं. दुसरा म्हणत होता, छे, बेचाळीसला गारा पडल्या होत्या, हे अडतीस. तिसऱ्यानं खात्री करायला आणखी एक ओंजळ घेतली.

तिनं बार्थेलमीला विचारलं, हा रंग जाईल का. तो म्हणाला, "मादाम, गावाचे पाय आहेत हे. ते कुठे जाणार?"

शनिवारी संध्याकाळी एकच धार उरली. बार्थेलमीनं ती खालच्या पट्टीजवळ अंगठ्यानं दाबून धरली आणि तसाच बसून राहिला. मग त्यानं माझ्या फळीला कान लावला. मी माझ्याकडून जेवढं फुगता येईल तेवढं फुगलो. एवढंच माझ्या हातात होतं.

रविवारी पाहुणे आले. दोघं काळ्या सुटात. त्यातले मोठे ऑर्डवे नावाचे. दार उघडून बघतात तर खुर्च्या भरलेल्या, भिंतीला टेकून माणसं, खिडकीत माणसं, चौकात माणसं, कॅफे बंद. ऑर्डवेंनी खिशातून रुमाल काढला. म्हणाले, तुम्ही पत्रांतून एवढी निराशा कळवत होता, आणि इथे तर सगळा गाव जागा झालाय.

वेंडेलला गप्प बसता आलं असतं. पाहुण्यांनी तसंच लिहून नेलं असतं आणि काम राहिलं असतं. मला त्याचे बूट दिसत होते. ते एकदा पुढे सरकले, एकदा मागे गेले. लॉर्नानं त्याच्याकडे बघून मान हलवली.

"हे लोक देवासाठी आलेले नाहीत," तो म्हणाला. "पिंप गळतंय का ते बघायला आलेत. देवासाठी एकच आलीय. आणि पाण्याला वाईनचा वास आहे, तो आम्हाला घालवता आला नाही."

ऑर्डवेंनी रुमाल परत खिशात ठेवला.

मग सिदोनी आली. लॉर्नानं शिवलेला पांढरा झगा, अनवाणी. बाकावर चढून तिनं पाय आत टाकला. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर. किती वर्षांनी. ती घसरली, आणि वेंडेलनं तिचा हात धरला. मी गळलो असतो तर तेव्हाच गळलो असतो.

ती पाण्याखाली गेली. सगळ्या चौकात कुणी श्वास घेत नव्हतं. तिच्याकडे मात्र फारसं कुणी बघत नव्हतं. साठ माणसं वाकून माझ्या फळ्या बघत होती. फादर फुलक्रां तर एका डोळ्यानं खालची पट्टी बघत होते. ती वर आली. झगा गुलाबी झाला होता.

बार्थेलमी माझ्याभोवती एक पूर्ण फेरी फिरला. उभा राहिला. "नाही गळत," तो म्हणाला, आणि त्यानं टोपी काढली. मग सगळ्यांनी काढली.

ऑर्डवे पुढे झाले. त्यांनी पाण्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं, झग्याकडे पाहिलं. सिदोनी थंडीनं कुडकुडत होती. त्यांनी विचारलं, तुम्हाला काय वाटलं? वेंडेलनं ते फ्रेंचमध्ये सांगितलं.

"मी यात पूर्वी एकदा उभी होते," ती म्हणाली. "तेव्हा माझ्या नवऱ्यानं हात धरला होता. तो गेल्यावर त्याचा दिवस या दोघांच्याच लक्षात राहिला. आता ते गेले तर त्यांच्या पोरीचा दिवस कोण लक्षात ठेवणार? मी किती दिवसांची?" मग ती म्हणाली, "टॉवेल द्या कुणीतरी."

खिडकीतून मेयर म्हणाला, त्यांना थांबवून घ्या, नाहीतर हे पिंप परत सुकेल. यावर गावातल्या लोकांनी माना डोलावल्या. हे कारण त्यांना पटण्यासारखं होतं.

ऑर्डवेंनी वही काढली आणि काहीतरी लिहिलं. लॉर्नानं पुढे बऱ्याच वर्षांनी ते सगळ्यांना सांगितलं. त्यांनी लिहिलं होतं, 'एक. गुलाबी. काम चालू ठेवावे.' तेवढ्यात बारा वाजायला आले, आणि पाहुण्यांना जेवायला कुणी न्यायचं यावरून चौकात भांडण जुंपलं.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. आन्सेल्मनं मला परत मागितलं नाही. त्या सोळा वर्षांत माझ्यात एकूण पाच बाप्तिस्मे झाले. पाच म्हणजे फार नाहीत, हे मला कळतं. पण उपासना दहाला सुरू होते आणि खुर्च्या भरतात. लोक येताना बादली घेऊन येतात, ओततात, बसतात, पावणेबाराला घरी जातात. कुणी विचारलं तर सांगतात, पिंपासाठी जातो. सिदोनी गेली तेव्हा तिला तो गुलाबी झगाच घातला. वेंडेल तीन हिवाळ्यांपूर्वी गेला. मुलीच्या शेजारी आहे. त्याच्या दिवशी लॉर्नाकडे एवढ्या घरांतून पदार्थ आले की ठेवायला जागा नव्हती. दोन जेल्याही होत्या. गाजर घातलेल्या.

लॉर्ना आता खुर्चीवर बसूनच बायबल वाचते. बार्थेलमी चौऱ्याऐंशीचा झाला. सगळ्यांच्या आधी येतो, माझ्यावर बोटं वाजवतो, पुढच्या खुर्चीवर बसतो. नुसता पिंप बघायला.

गेल्या रविवारी सगळे गेल्यावर तो थांबला. खाली वाकून त्यानं सावकाश बूट काढले, मग मोजे. मोजे ओले झालेत, असं म्हणाला. लॉर्ना शिवत राहिली. तो अनवाणी फरशीवर पाय टेकवून बराच वेळ माझ्याकडे बघत बसला. मग आत डोकं घातलं आणि विचारलं, "ऐकू येतंय का रे?"

नंतर त्यानं मोजे घातले आणि जेवायला गेला.

तेव्हा तुम्ही कधी कोंबरूसच्या चौकातून गेलात तर एवढं करा. नळ समोरच आहे, बादली दारामागे आहे. आत येऊन एक बादली ओता. बसायची सक्ती नाही. मला अजून थोडे दिवस कोरडं पडायचं नाही. गावात एका माणसाचे पाय मला अजून माहीत नाहीत.